दारातला काटा

उमेदवार बाईंनी बसण्याआधी खुर्ची एका बोटाने हलवून पाहिली. खुर्ची डुगडुगली. तेव्हा त्यांनी टेबलावर त्यांच्यासाठीच ठेवलेलं 'आमची मूल्यं' हे गुळगुळीत पत्रक उचललं, त्याची चौपदरी घडी घातली, वाकून ती खुर्चीच्या मागच्या पायाखाली सरकवली आणि खुर्ची पुन्हा हलवून पाहिली.

"आता बरी आहे," असं म्हणून त्या बसल्या.

टेबलापलीकडचे तिघे खुर्चीच्या पायाकडे बघत राहिले. पत्रकातला मजकूर ठरवायला निम्मं वर्ष गेलं होतं. खुर्चीचा पाय त्याहून जुन्या काळापासून आखूड होता, पण त्यावर कधी बैठक भरली नव्हती.

मधोमध मालक बसले होते. वजनकाटे बनवण्याचा हा कारखाना त्यांच्या वडिलांचा. आधी सगळे त्यांना साहेब म्हणत. मग ते एका थंड हवेच्या ठिकाणी 'कामाच्या जागेची संस्कृती' या विषयावरच्या शिबिराला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की यापुढे साहेब कोणी नाही, सगळे समान, मला भाऊ म्हणा. लोकांनी प्रयत्न केला. पण तोंडाला वळण पडलेलं असतं. समता आणि सवय यांची आठवडाभर ओढाताण होऊन शेवटी 'भाऊसाहेब' या शब्दावर तडजोड झाली.

उजव्या हाताला मिस्त्री होते. काटे जुळवणारे सगळ्यांत जुने कारागीर. 'निवड सर्वांनी मिळून करावी' हेही शिबिरातच शिकवलं असल्यामुळे त्यांना हात धुऊन बसवलं होतं. डावीकडे ताई. ताई पूर्वी प्रशासन अधिकारी होत्या. शिबिरानंतर त्या संस्कृती प्रमुख झाल्या. काम तेच राहिलं, रजा आणि हजेरीचं. फक्त दारावरची पाटी लांब झाली आणि पाठीमागे लोक त्यांना संस्कृतीबाई म्हणू लागले. ताईंना ते ठाऊक होतं. लोक ते पुरेसं हळू म्हणत नसत.

"आम्ही इथे एक कुटुंब आहोत," भाऊसाहेब म्हणाले.

"हो का? कोणाचं?" बाईंनी विचारलं.

हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. भाऊसाहेबांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"म्हणजे... सगळ्यांचंच."

"बरं."

"तुम्ही एखादा प्राणी असता, तर कोणता असता?" ताईंनी कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला.

"आहेच की."

मिस्त्री खोकले. त्यांचा खोकला आणि हसणं यांतला फरक ओळखायला ताईंना बरीच वर्षं लागली होती. हा खोकला नव्हता.

"मी एक विचारू?" मिस्त्री म्हणाले. "काटा चुकीचा निघाला तर काय करता?"

"लाल चिठ्ठी लावते."

"बरोबर असला तर?"

"हिरवी."

"आणि थोडासाच चुकला असला तर?"

"थोडासा लाल रंग मिळत नाही हो बाजारात," बाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर भाऊसाहेबांनी बिस्किटांची बशी दोघांपुढे सरकवली. स्वतः घेतलं नाही. उन्हाळा चांगलाच तापला होता, तरी त्यांच्या अंगात कोट होता.

"मिस्त्री, काय वाटतं?"

"नजर चांगली आहे," मिस्त्री म्हणाले, आणि ते कौतुक आहे की तक्रार, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

"मग घेऊ या. आठवडाभर बघू, आपल्यात बसतात का ते. शनिवारी ठरवू." भाऊसाहेब हसले. "ताई, या चौथ्या तपासनीस. या वेळीही नाही जमलं, तर मला वाटायला लागेल की चूक बसणाऱ्यांची नाही, बसवणाऱ्याची आहे."

ते हसत म्हणाले, म्हणून ताईंनी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं. आधीच्या कॅन्टीनप्रमुखाला त्यांनी असंच हसत, स्वतःच्या हाताने केक भरवून कायमचं घरी पाठवलं होतं.

घरी ताईंनी हे सांगितलं तेव्हा नवरा इस्त्री करत होता.

"तुला काढलं तर संस्कृतीचं कसं होईल?" तो म्हणाला.

"थट्टा सुचतेय तुला."

"थट्टा नाही. तीन माणसं पळाली तुमच्याकडून. त्या कारखान्यात चावतं कोण एवढं?"

उत्तर ताईंना माहीत होतं. ते कारखान्याच्या दारातच उभं होतं.

प्रवेशद्वारातून आत शिरलं की समोर एक उंच वजनकाटा होता. भाऊसाहेबांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने बनवलेला पहिला काटा. लोखंडी चौथरा, वर घड्याळासारखी पांढरी तबकडी, तिच्यावर आकडा दाखवणारा काळा लांब हात. त्याच्या मागच्या भिंतीवर शिबिरानंतर ठळक अक्षरांत रंगवून घेतलं होतं: 'सत्य. तोल. कुटुंब.' रोज सकाळी काम सुरू होण्याआधी भाऊसाहेब त्या काट्यासमोर बूट काढत, चौथऱ्यावर चढत आणि जमलेल्या लोकांना आपलं वजन मोठ्याने वाचून दाखवत. लोक टाळ्या वाजवत. मग काम सुरू होई. ही पद्धत शिबिरातली नव्हती. डॉक्टरांनी भाऊसाहेबांना वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा 'लपवायचं काय, आपण सगळे एकच' म्हणून त्यांनीच ती पाडली होती.

सुरुवातीला वजन काही उतरेना. उपाशी भाऊसाहेब दिवसभर ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जात. एका कारकुनाला त्यांनी खिडकीजवळ उभं राहून सफरचंद खाल्ल्याबद्दल झापलं. रजा मिळेनाशा झाल्या. मग एका सकाळी भाऊसाहेबांचं वजन एकदम तीन किलोंनी उतरलं आणि कारखान्यात पुन्हा माणसांसारखं बोलणं सुरू झालं. ही करामत मिस्त्रींची. काट्याच्या पोटातला एक दांडा त्यांनी असा सरकवला होता की रिकामा असताना काटा अगदी धुतल्या तांदळासारखा, शून्यावर. माणूस चढला की खोटं बोलायला लागायचा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. कारखान्यात संस्कृती म्हणण्यासारखं जे काही होतं ते एवढंच होतं, आणि ते पत्रकात नव्हतं.

तपासनीस टिकत नसत ते यामुळे. पहिल्याने चहाच्या वेळी, सर्वांच्या देखत, "तो दारातला काटा कमी दाखवतो," असं आनंदाने सांगितलं. आपण काहीतरी शोधलं असं त्या बिचाऱ्याला वाटलं होतं. त्या दिवसापासून त्याच्या टेबलावर कोणी बसेना. दुसऱ्याने कोणाला न विचारता काटा दुरुस्तच केला. भाऊसाहेबांचं वजन रातोरात वाढलं, त्या आठवड्यात एकाच्या बहिणीच्या लग्नाचीसुद्धा रजा नामंजूर झाली आणि मिस्त्रींना पुन्हा पाना हातात घ्यावा लागला. तिसरा काहीच बोलला नाही. पण भाऊसाहेब काट्यावर चढले की तो छताकडे बघायचा. "वर बघणारा माणूस नको," मिस्त्री म्हणाले होते, आणि तोही गेला.

जाहिरातीत ताई दर वेळी 'बारकाव्यांकडे लक्ष असणारी व्यक्ती हवी' असं लिहीत. खरं तर हवं होतं ते सगळ्या बारकाव्यांकडे लक्ष आणि दारातल्या एका ठसठशीत गोष्टीकडे कानाडोळा. पण कानाडोळ्याची पदवी कुठे मिळत नाही. आणि आता घाई होती. महिनाअखेर सरकारी तपासणी होती. त्याआधी आवारातल्या प्रत्येक काट्यावर तपासनिसाची चिठ्ठी लागली नाही, तर गोदामातला माल तिथेच राहणार होता.

सोमवारी सकाळी ताई दारातच नव्या बाईंना भेटल्या. बाई वेळेआधी आल्या होत्या आणि कमरेवर हात ठेवून काट्याकडे बघत होत्या.

"हा चालू आहे?"

"हा? हा शोभेचा," ताई घाईने म्हणाल्या.

तेवढ्यात भाऊसाहेब आले, बूट काढले आणि शोभेच्या काट्यावर चढले. लोक गोळा झाले. काळा हात गेले काही महिने जिथे थांबत होता तिथेच थांबला.

"तेवढंच!" भाऊसाहेब म्हणाले.

टाळ्या वाजल्या. बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण छताकडेही पाहिलं नाही. त्या तबकडीकडे बघत होत्या, मग त्यांनी भाऊसाहेबांच्या पायांकडे पाहिलं. मोज्यांच्या वर घोट्याची हाडं दिसत होती. पथ्य लागू पडलं की माणूस असाच दिसतो, असं ताईंना वाटत आलं होतं. भाऊसाहेबांनी वजन उतरवलं होतं आणि टिकवलं होतं. शिबिरातला माणूस याला शिस्त म्हणाला असता.

ताईंनी ठरवलं, की या वेळी बाईंना कळण्याआधी आपणच सांगून टाकायचं. चहाला त्या बाईंना कोपऱ्यातल्या टेबलाकडे घेऊन गेल्या.

"एक सांगते. मनात ठेवा. तो काटा तीन किलो कमी दाखवतो. मुद्दाम. फसवणूक नाही हो त्यात. त्यावर काही विकलं जात नाही. भाऊसाहेब खूश, तर सगळे खूश. प्रेमापोटी म्हणा हवं तर."

बाईंनी चहाचा घोट घेतला.

"मी तपासू?"

"अहो, तपासू नका म्हणून तर सांगतेय!"

"ते आलं लक्षात."

"मग?"

"तुमच्या घरी कोणी डॉक्टर आहे?"

"नाही. का?"

"माझे वडील दंतवैद्य होते. लग्नकार्यात कोणी हसलं, की आधी त्यांना दाढा दिसायच्या. माणसाचा इलाज नसतो." त्यांनी कप बशीत ठेवला. "पण चारचौघांत बोलत नसत ते. नंतर बाजूला घेऊन सांगायचे."

ताईंना यातून दिलासा घ्यावा की नाही ते कळेना. त्यांनी अर्धा घेतला.

मंगळवार, बुधवार बरे गेले. बाई प्रमाण वजनांची पेटी घेऊन जुळणी खात्यात एकेक काटा तपासत. मखमली खाचांत बसवलेली पितळी वजनं त्या चिमट्याने किंवा रुमालाने उचलत, उघड्या हाताने कधी नाही. लाल चिठ्ठी लावताना मागे कारण सांगत आणि पुढे सरकत. लोक पहिल्या दिवशी कुरकुरले. दुसऱ्या दिवशी एका जुळाऱ्याने, "बाई, आमच्या काट्याला नजर लावलीत," असं म्हणून पाहिलं.

"नजर नाही, वजन लावलं," बाई म्हणाल्या. "नजरेनं एवढा फरक पडत नाही."

खातं हसलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलावर दोघंजण येऊन बसले. ताईंनी ते काचेतून पाहिलं आणि त्यांचा जीव जरा भांड्यात पडला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर बाई ताईंच्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं.

"तुम्हाला बाजूला घेऊन सांगते," त्या म्हणाल्या.

ताईंनी पेन खाली ठेवलं. "तपासलात."

"मुद्दाम नाही. सगळे जेवायला गेले होते, मी त्यावर उभी राहिले. मला माझं वजन माहीत आहे. मग खात्री करायला लोखंडी वजनं चढवून पाहिली."

"पण मी सांगितलं होतं ना, तीन किलो कमी दाखवतो म्हणून?"

"नाही दाखवत."

"दुरुस्त झाला?"

"जास्त दाखवतो," बाई म्हणाल्या. "साहेबांच्या बांध्याच्या माणसाला चार-पाच किलो तरी जास्त."

तपासनिसाची चूक होत असेल, हा पहिला विचार ताईंच्या मनात आला. तो त्यांना आवडला. पण बाईंच्या चेहऱ्यावर त्याला कुठे जागा नव्हती.

मिस्त्री मागच्या शेडमध्ये एका तबकडीची काच बसवत होते. ताई समोर उभ्या राहिल्या तरी त्यांनी मान वर केली नाही.

"मिस्त्री, दारातला काटा उलटा कोणी फिरवला?"

"मीच."

"का?"

मिस्त्रींनी काच बसवली, कडेने अंगठा फिरवला.

"भाऊसाहेब कमरेचा पट्टा घेऊन आले होते माझ्याकडे. म्हणाले, एक भोक पाडून द्या. दिलं. महिन्याभराने परत आले. परत पाडलं. मला वाटलं, पथ्य चाललंय, बरं आहे. म्हणून दांडा होता तसा मूळ जागी आणला. आता खोट्याची गरज काय? तर काटा आणखी खाली. आणि पथ्य तर त्यांनी कधीच सोडलं होतं. पोरांच्या डब्यात हात घालून खायचे ना मध्ये, आठवतंय? खायचे, आणि उतरायचे." ते थांबले. "तिसऱ्यांदा पट्टा आणला तेव्हा म्हणाले, मिस्त्री, कुणाला बोलू नका."

"मग?"

"मग नाही बोललो. दांडा उलटा सरकवला, आणि ते उतरतील तसा सरकवत राहिलो. रोज सकाळी ते वर चढतात, आकडा बघतात. एवढी माणसं समोर उभी असतात. आकडा रोज खाली जाताना कशाला बघायचा माणसाने?"

ताईंनी शेडच्या पत्र्याला हात टेकवला. पत्रा तापला होता, तरी त्यांनी हात काढला नाही. लोकांकडे बघणं हेच त्यांचं काम होतं. त्यासाठी त्यांच्याकडे वर्षातून दोनदा भरून घ्यायच्या प्रश्नावल्या होत्या, समाधानाची मोजणी होती, आणि 'तुम्ही आज कसे आहात?' असं विचारणारा हसऱ्या चेहऱ्यांचा फलकही जिन्याजवळ होता. भाऊसाहेब रोज त्यावर हसरा चेहरा लावत.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"ते तुमच्या खात्यात येतं," मिस्त्री म्हणाले. "माझ्याकडे पट्टा आला होता फक्त."

ताई परत आल्या तेव्हा भाऊसाहेब बाईंच्या टेबलाशी उभे होते. बाई वजनं रुमालाने पुसून एकेक खाचेत ठेवत होत्या.

"काय, जमतंय ना आमच्यात?" ते म्हणाले.

"जमतंय."

"दारातला काटा तपासलात?"

ताई दारातच थबकल्या.

"तपासला," बाई म्हणाल्या.

"मग?"

"चिठ्ठ्या शनिवारी लावते. सगळ्यांच्या एकदम."

"आणि दुरुस्त करायचा असला तर?"

"शनिवारच्या आत होतो. करायचा असला तर."

भाऊसाहेबांनी मान डोलावली. पेटीतल्या वजनांकडे जरा वेळ पाहिलं. मग ताई दिसल्यावर नेहमीचं हसले. "तुमच्या बाई चोख आहेत हं, ताई," असं म्हणून ते बाहेर पडले. चालताना त्यांनी भिंतीला हात लावला. सहज लावावा तसा.

शुक्रवारी ताईंनी बाईंना गाठलं. काय मागावं हेच त्यांना नीट ठरवता येत नव्हतं. लाल चिठ्ठी लावली, तर शनिवारी सगळ्यांसमोर प्रश्न येणार: का? हिरवी लावा म्हणणं म्हणजे बाईंना खोटं बोलायला सांगणं. आणि काटा खरा करा म्हणणं, म्हणजे त्या सकाळी सगळ्यांदेखत...

"तुम्ही काय करणार आहात?" शेवटी त्यांनी एवढंच विचारलं.

"माझ्याकडे दोनच चिठ्ठ्या आहेत," बाई म्हणाल्या. "मुलाखतीतच सांगितलं होतं."

"मालकांना बरं नाहीये."

"दिसतंय ते."

"मग काहीच नाही करता येणार?"

"त्या काट्याला मी हात लावलेला नाही अजून," बाई म्हणाल्या. मग पेटी उघडून त्यांनी आत पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि झाकण लावलं. "हे मिस्त्रींनी नेलं असेल का?"

"काय?"

"काही नाही. विचारते त्यांना."

त्या रात्री नवऱ्याने विचारलं, "मग, बसली का तुमची चौथी?" त्याने इस्त्री केलेले कपडे ताईंनी पुन्हा घड्या घालून ठेवले.

शनिवारी सकाळी लोक नेहमीपेक्षा लवकर जमले होते. बाई काट्याच्या बाजूला चिठ्ठ्यांचा डबा घेऊन उभ्या होत्या. मिस्त्री समोर, पहिल्या रांगेत. आपला दांडा अजून आपल्याच जागी आहे, हे त्यांनी सकाळी आल्या आल्या बघून घेतलं होतं, आणि तसं ताईंना मानेने सांगितलंही होतं.

भाऊसाहेब आले. कोटाची सगळी बटणं लावलेली होती. त्यांनी एका हाताने काट्याचा खांब धरून बूट काढले, बाईंकडे बघून हलकेच मान लववली आणि चौथऱ्यावर चढले. चढताना जरा जपून चढले, खिसा सावरत.

काळा हात निघाला, नेहमीच्या जागी आला आणि तिथे न थांबता आणखी पुढे जाऊन थांबला.

भाऊसाहेब स्वतः तबकडीकडे डोळे बारीक करून बघत होते. हा आकडा त्यांनाही अपेक्षित नसावा.

"वाढलं की, भाऊसाहेब!" मागून कोणीतरी ओरडलं. "दोन किलो!"

"आता परत पथ्य!"

"सफरचंदं लपवा रे!"

हशा पिकला. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजल्या. मिस्त्री टाळ्या वाजवायला विसरले होते. ते तबकडीकडे, मग आपल्याच हातांकडे बघत होते. भाऊसाहेबांनी एकदा मिस्त्रींकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू जुळत गेलं. मग तेही हसायला लागले, इतके की त्यांना खांब धरावा लागला.

तपासनीस बाईंची नजर त्यांच्या कोटाच्या उजव्या खिशावर होती. खिसा खाली ओघळला होता. बाईंनी नजर काढून घेतली आणि दोन्ही हात मोकळे करून, सावकाश, टाळ्या वाजवल्या.

लोक कामाला गेल्यावर भाऊसाहेब ताईंच्या खोलीत आले आणि उमेदवारांच्या खुर्चीत बसले. बसताना कोट खुर्चीच्या लोखंडी हातावर आपटला. टण्ण. भरीव पितळेचा आवाज. ताईंची उमेदीची वर्षं या कारखान्यात गेली होती. तो आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता.

"किल्ल्या," भाऊसाहेब म्हणाले.

"हो," ताई म्हणाल्या.

ते थोडा वेळ दम घेत बसले. खुर्ची डुगडुगली नाही. चौपदरी पत्रक अजून तिथेच होतं.

"लोकांना बरं वाटलं ना? वजन बघून?"

"वाटलं."

"मग झालं तर." त्यांनी खिशावर हात ठेवला. "मला वाटलं, बाईंनी काटा खरा केला असेल. म्हटलं, आपली तयारी असलेली बरी. पोरं घाबरतात उगाच. आणि हा मिस्त्री..." ते पुन्हा हसले. या वेळी ताईंना त्या हसण्याची भीती वाटली नाही. "त्याला काही बोलू नका. त्याला वाटतंय, मला माहीत नाही."

"भाऊसाहेब, डॉक्टरांनी..."

"सोमवारी बोलू. सोमवारी तुम्ही, मी आणि माझी मुलगी. तिलाही सांगायचंच आहे." ते उठले. "त्या बाईंना ठेवा, ताई. कायम करा. मी असेन-नसेन, दाराशी नीट बघणारं माणूस पाहिजे."

ते गेल्यावर ताई बाहेर आल्या. दारातला काटा रिकामा उभा होता, हात शून्यावर. आवारातल्या बाकी सगळ्या काट्यांवर हिरव्या-लाल चिठ्ठ्या लागल्या होत्या. याच्या तबकडीखाली एक साधी पांढरी चिठ्ठी होती. छापील नव्हती. बाईंनी पेनाने, सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं: 'शोभेचा. तोलण्यासाठी नाही.'

बाई चिठ्ठीच्या कडा नखाने दाबून बसवत होत्या.

"हे चालतं?" ताईंनी विचारलं. "सरकारी तपासणीला?"

"चालतं. तोलायचा नसेल तर काट्याने काहीही दाखवावं." त्यांनी एक पाऊल मागे जाऊन पाहिलं. "शब्द तुमचाच आहे. पहिल्या दिवशी म्हणाला होतात."

ताईंनी मान हलवली. त्यांनी हातातल्या कागदांमधून बाईंचं नेमणुकीचं पत्र काढून पुढे केलं. बाईंनी ते सही करायच्या जागेपर्यंत वाचलं, सही केली आणि परत दिलं.

"एक खरेदी करायची आहे," त्या म्हणाल्या. "प्रमाण वजन. दोन किलोचं, पितळी."

"मागवते. कारण लिहावं लागतं." ताईंनी पेन उघडलं. आवाज शक्य तेवढा कामाचा ठेवला. "जुनं हरवलं, असं लिहू?"

बाईंनी पेटीचं झाकण लावलं.

"हरवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "वापरात आहे, असं लिहा."